डोळा लागला का?

वेलगुलाब वाढवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी वर्षभर सगळ्या गल्लीला ऐकवत होतो. हिने लावलेला वेल, ही गेल्यावर मी एकट्याने छपरापर्यंत चढवला! फूल एकही नव्हतं, पण तो विषय मी निघू देत नसे. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, त्यामुळे शेणखत आणि गप्पा, दोन्ही त्यालाच.

कौतुक करून घ्यायला म्हणून रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. त्याने बुंधा पाहिला.

"काका, हा रानगुलाब आहे. बाईंचं कलम खाली वाळलंय. तुम्ही ते ज्या रानटी खुंटावर बांधलं होतं, त्याचे फुटवे पोसलेत."

वर्षभर मी परक्याशीच बोलत होतो तर! जुन्या कलमाची एकच काडी हिरवी होती. तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, काढून रानफांदीच्या सालीत बसवायचे, असं ठरलं. माळी याला 'डोळे भरणं' म्हणतात.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. दर रविवारी फोन, चार मिनिटं. तिला मेसेज टाकला, "आईचा गुलाब गेला. आज डोळे भरतोय. काळजी नसावी."

तिचे अकरा फोन आले. माझे हात चिखलात. मग तिने शेजारच्या वहिनींना गाठलं. वहिनींना कमी ऐकू येतं. त्यांनी भिंतीवरून विचारलं, मी ओरडून सांगितलं, की एका डोळ्याला चाकू जरा जास्तच लागला, पण पट्टी बांधलीये, तीन आठवडे सोडायची नाही. नेमकं हे त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं, आणि तसंच त्यांनी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दारात. हातात बॅग, केस विस्कटलेले. तिने माझे दोन्ही डोळे आळीपाळीने तपासले.

"बाबा, नीट लिहायला काय होतं हो तुम्हाला?" म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही. डोळे भरण्याचा कार्यक्रम असा रीतसर पार पडला.

दोन दिवस राहिली. माझ्या चहातली साखर कमी केली, वेलाला पाणी घातलं, गेली. घर पुन्हा तेवढंच मोठं झालं. पण आता रोज फोन करते.

"बाबा, डोळा लागला का?"

पट्टी सोडून महिना झाला. डोळा लागलाय, वीतभर कोंब आलाय, कालपासून कळीसुद्धा दिसतेय.

"नाही गं अजून," मी म्हणतो. लागला म्हटलं, की पुन्हा रविवार आणि चार मिनिटं.

कळी उमलली की मात्र माझी पंचाईत आहे. वहिनींना ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं.