तिसऱ्या टाकीतला आग्रह

सोमवारी सकाळी तिसऱ्या टाकीतल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, आग्रह झाल्याशिवाय जेवणार नाही असं कळवलं. निरोप नमुना काढायच्या नळातून आला. आवाज शांत होता, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

हेमलता सोनटक्के त्या पाळीची केमिस्ट. हिंगणघाटपलीकडच्या त्या कारखान्यात कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, यायची. ती कुटून, वाफवून मऊ केली की टाकीतले विकर तिची साखर करायचे आणि त्या साखरेपासून गाडीत घालायचं इंधन व्हायचं. आज टाकीत वीस टन लगदा होता. तो तयार करायला हेमलता चार दिवस खपली होती. दुपारपर्यंत विकरांनी तोंड लावलं नाही, तर सगळा नासून गटारात जाणार होता.

तिनं मॅनेजर देवतळेंना बोलावलं. त्यांनी नळापुढे उभं राहून विचारलं, "मागच्या खेपेला तर मुकाट्यानं जेवलात."

"मागच्या खेपेला भिडेखातर जेवलो," विकर म्हणाले.

"तापमान बरोबर आहे?"

"तापमान उत्तम आहे. आम्लताही छान. पण पाहुण्याला नुसतं पाट मांडून भागत नाही."

देवतळेंना हे पटलं. त्यांनी लगेच लोडरवरच्या शालिकराम ढोबळेला आणवलं. आसपासच्या पाच गावांत लग्नाची पंगत शालिकरामच्या आग्रहाशिवाय उठत नसे. त्यानं बाह्या सारल्या आणि नळापुढे वाकला.

"घ्या नं जी, लाजता काहून? घरचंच आहे. एवढा घास तरी माह्यासाठी."

टाकीत थोडी हालचाल झाली. मीटरवरचा साखरेचा आकडा जरासा चढला आणि थांबला.

"यांचं पाठ आहे," विकर म्हणाले. "ज्यांनी रांधलं त्यांनी म्हणावं."

सगळ्यांनी हेमलताकडे पाहिलं. आग्रह तिला कधी जमला नव्हता. सख्ख्या भावालाही ती "हवं तर घे" एवढंच म्हणायची.

"मला ते बोलता येत नाही," ती नळाला म्हणाली.

"मग जे येतं ते बोला."

ती नळाजवळ सरकली. मग म्हणाली, "ही पऱ्हाटी वडनेरच्या शिवारातली आहे. लोक शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच जाळतात, मी दोनदा जाऊन थांबवलं. पहिल्या दिवशी वाफ कमी पडली, कडक राहिली, म्हणून पुन्हा वाफवली. खडे निवडले. तुम्हाला चावायला त्रास होऊ नये म्हणून. आता नाही खाल्लंत तर मला वाईट वाटेल. बाकी काही नाही."

शालिकरामनं टोपी काढली.

"हे आधी सांगायचं ना बाई," विकर म्हणाले, आणि टाकीतला लगदा हळूहळू पातळ व्हायला लागला.

अकरा वाजता आकडा वीसवर गेला, बारा वाजता चाळीसवर. मध्येच विकर "आता पुरे" म्हणाले. हेमलताच्या तोंडून आपसूक निघालं, "असं कसं पुरे, अजून तर निम्मं पानात आहे." तिचं तिलाच नवल वाटलं. विकर पुन्हा जेवायला लागले.

साडेबाराला देवतळे खुशीत निघून गेले. हेमलता चमकणाऱ्या आकड्यांकडे बघत उभी होती. तेवढ्यात नळातून आवाज आला.

"तुम्ही जेवलात का?"

"हो," ती म्हणाली.

"नाही जेवलात."

अकरा वर्षांत तिला हे त्या कारखान्यात कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, नंतर जेवीन. ते म्हणाले, आत्ताच. ती म्हणाली, भूक नाही. ते म्हणाले, दोन घास तरी, आमच्यासाठी. मग तिनं स्टूल ओढलं, मांडीवर डबा उघडला आणि भाकरी मोडली. भाकरी एकच खाणार होती, पण त्यांनी दुसरीही खायला लावली.

मंगळवारी देवतळेंनी फळ्यावर सूचना लिहिली: साडेबारा ते एक तिसऱ्या टाकीजवळ कुणी येऊ नये, मंडळी जेवत असतात.