उभ्या भाताचा भाव

पांडूतात्यांना कुणी रामराम घातला, तर ते उलट रामराम घालत नसत. ते विचारायचे, "जकात काय म्हनते?"

नवख्या माणसाची पंचाईतच व्हायची. मी लग्न होऊन धसईजवळच्या या गावात आले, आणि शेजारचे म्हातारे म्हणून पहिल्याच सकाळी तात्यांच्या पाया पडले, तर आशीर्वादाच्या जागी हा प्रश्न. मी शहापूरकडची. आमच्याकडे नव्या नवरीला नाव विचारतात, माहेरचं गाव विचारतात, फार तर स्वयंपाक येतो का विचारतात. मी घाबरून म्हटलं, "बरी आहे." तात्या खूश झाले. आत वळून काकूंना ओरडून म्हणाले, "पोर हुशार हाय गो!"

परदेशातून येणाऱ्या तांदळावर सरकार जो कर बसवतं, ती तात्यांची जकात. ती उतरली की बाहेरचा तांदूळ येणार आणि आपला भाव पडणार. ती चढली की आपला भाव चढणार. शिवाय आपला तांदूळ बाहेर पाठवायचं सरकार मधूनच बंद करी, मधूनच चालू करी, तो घोर वेगळा. तात्यांची शेती विचाराल, तर ओढ्याच्या अलीकडे चार खाचरं! पण रेडिओवर बातम्या लागल्या की त्यांच्या ओट्यावर कुणी शिंकायचं नाही. आमची मांजरसुद्धा तेवढ्या वेळात आमच्याच घरी बसायची.

एकदा बातम्यांत सांगितलं की तांदूळ पिकवणाऱ्या थायलंडात मोठा पूर आला. तात्या उडालेच. "आता बघ भाव कसा चढतो तो!" असं गल्लीभर सांगत सुटले. संध्याकाळी पाहते तर स्वारी ओट्यावर गप्प. मी विचारलं, तात्या, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, "तिकडं बी बाया-पोरं असतील ना गो? घरात पानी शिरलं असंल त्यांच्या." त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. काकू माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता थायलंडाचं बी सुतक पाळायचं का आमी?"

तात्यांचं दुसरं वेड म्हणजे "बांधून टाकू." भाव बांधून टाकायचा. वस्तू हातात येण्याआधीच. आमच्याकडे पूर्वी नडलेला माणूस उभ्या भाताचा सौदा करायचा. म्हणजे भात अजून शेतात हिरवं आहे, तेव्हाच व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा, विसार म्हणून त्याच्याकडून नारळ आणि थोडे पैसे आगाऊ घ्यायचे, आणि झोडणी झाली की त्याच भावाने माल घालायचा. मग भाव चढो नाहीतर पडो. तात्यांना तर कसलीच नड नव्हती. मुलगा कल्याणला चांगल्या नोकरीवर. तरी दर वर्षी भाद्रपद आला की तात्यांचा सौदा ठरलेला, आणि होळीपर्यंत थांबलेले लोक दर वर्षी त्यांच्यापेक्षा चढा भाव घेऊन मिश्यांना पीळ देत फिरायचे.

आमचे हे त्यांना समजावून समजावून थकले. "तात्या, थांबा ना जरा. कणगीत भात काय तुम्हाला चावतं?" यावर तात्यांचं एकच. "जकातीचा काय भरवसा? बांधून टाकलेलं बरं."

नुसत्या भातापुरतं असतं तर चाललं असतं. म्हसा गावच्या जत्रेत सगळं जग बैल बघायला जातं. तात्या गेले घोंगडीवाल्याकडे. घोंगडं उलटंसुलटं करून पाहिलं, घासाघीस केली, आणि म्हणाले, "हे नको. पुढल्या सालचं घोंगडं आजच्या भावाने दे. बांधून टाकू." घोंगडीवाला बिचारा धंद्याच्या घाईत, म्हातारं चळलंय म्हणून हो म्हणाला. पुढच्या जत्रेला तात्या त्याच्या पुढ्यात हजर. त्याने ओळखलं. न ओळखून काय करतो! हसत हसत घोंगडं दिलं, वर चहा पाजला, आणि पुढल्या सालचा भाव तात्यांनी तिथेच परत बांधला.

मलाही सोडलं नाही त्यांनी. श्रावणात माझ्याशी दिवाळीतल्या अंड्यांचा भाव ठरवला. कोंबडी अजून पिल्लू होती हो! मी थट्टा समजून मान हलवली. दिवाळीत अंडी महागली आणि हे रोज सकाळी वाडगा घेऊन दारात. "सौदा झाला म्हंजे झाला गो." मी चांगली फुगून बसले. तरी वाडगा भरून दिला, काय करणार!

तात्यांचा व्यापारी म्हणजे धसईचे शांतारामशेठ. तात्यांच्याच वयाचे, जाडजूड, धोतराचा सोगा हातात धरून बांधावरून जपून चालणारे. सौदा झाला की शेठ पीक बघायला यायचे. भात पोटरीत आलं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात आली, की एक फेरी, लोंब्या भरल्या की एक फेरी. चार दाणे तळहातावर चोळायचे, एक दाताखाली फोडायचे आणि "हं" म्हणायचे. मग कापणीला, मग खळ्यावर झोडणीला. बघायचं काम घटकाभराचं, पण शेठ आले की दुपार कलेपर्यंत ओट्यावर. दोघांची जकातीवरून अशी जुंपायची की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, आता हे एकमेकांच्या टोप्या उडवणार.

काकू गेल्या त्या वर्षीही सौदा झाला. मुलगा म्हणाला, कल्याणला चला. तात्या दिवाळीनंतर गेले आणि आठवड्याच्या आत परत आले. "तिकडं तांदूळ पिशवीत मिलतो. कुनाला कशाचं कायच नाय." तेव्हापासून शेठ आले की चहा ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मग ते साल आलं. त्या वर्षी भावाचा काही धरबंदच नव्हता. आज चढला म्हणावं तर आठवड्याने पडलेला. भाद्रपदात शेठ आले ते जरा अवघडूनच बसले. मी कप ठेवते आहे तेवढ्यात म्हणाले, "तात्या, एक बोलायचंय. यंदापासनं उभ्या भाताचा सौदा बंद. सगल्यांचाच बंद केला मी. मुलगा बी बोलतो, असल्या भावात कुनी बांधून घेऊ नये. आनि तुमचं तर दर सालीच नुकसान. मलाच वाईट वाटतं. झोडनी झाली का मुलगा टेम्पो पाठवील. त्या दिवशीचा जो भाव असंल तो रोख."

"बरं झालं बाई!" मी बोलून गेले. कुणीतरी शहाणपणाचं बोललं म्हणून मला खरंच हायसं वाटलं होतं.

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कपबशीच उचलायला लागले. मग शेठकडे वळून म्हणाले, "गेल्या सालच्याच भावाने घ्या."

"आवो, भावाचा प्रश्न नाय."

"मग त्याच्या खाली घ्या."

"तात्या, खुल्या बाजारात तुमाला जास्त मिलतील."

"आनखी खाली येतो. बोला."

"मी घेनारा असून वर चढतोय, आनि तुमी इकनारे खाली चाललाय!" शेठ वैतागले. "डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

मला हसू फुटलं. असला सौदा आमच्या तालुक्यात कुणी पाहिला नसेल. पदर तोंडाला लावून मी वर पाहिलं, तर तात्यांचा चेहरा लाल झालेला. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"टेम्पो येईल," तात्या म्हणाले, "पोती टाकील, जाईल. टेम्पो काय चहा पितो, शेठ? भाव बांधला का तुमी पोटरी बघाया येता. लोंबी बघाया येता. खल्यावर येता. नाय बांधला तर तुमी कशाला येनार? तुमच्या धंद्याचा टाइम तुमी कशाला फुकट घालवनार? ही होती तवर मी भांडत तरी होतो हिच्याशी. आता सांजच्याला रेडू लावतो, बातमी ऐकतो, आनि ती सांगायला कोन नाय. भात काय, फुकट न्या. पन सौदा बंद नका करू."

एवढं बोलून ते खांबाकडे तोंड करून बसले. माणूस इतकी वर्षं तोट्यात भात विकत होता, आणि आम्ही सगळे त्याला हिशेब शिकवत होतो. मला रडूच आलं. ते शेठना दिसू नये म्हणून मी चुलीपाशी गेले, पण कान बाहेरच होते.

मग शेठची कापडी पिशवी उघडल्याचा आवाज आला. मी डोकावले. शेठ विसाराचा नारळ तात्यांच्या पुढ्यात ठेवत होते. म्हणजे नारळ घेऊनच आला होता की हा माणूस!

"भाव गेल्या सालचाच," शेठ म्हणाले. "खाली एक पैसा घेनार नाय."

"बरं," तात्या खांबाकडेच बघत म्हणाले.

"आनि हे साल काय खरं दिसत नाय मला. पीक जरा जास्त वेला बघाया यावं लागंल. बाजाराच्या बाजाराला येईन म्हनतो."

तात्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि शेठना टेकायला उशी सरकवली.