एकोणतीस नंबरची गोगलगाय

इशबेल गनला जीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या ऑनर्सचं चौथं वर्ष लागलं आणि तिची झोप गेली. पदवी हवी तर प्रबंध हवा, आणि प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता : गोगलगायींना घरची ओढ असते का? त्यासाठी आर्ब्रोथ गावातल्या आईच्या परसातल्या साठ गोगलगायी धरून तिने त्यांच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर घातले, त्यांना शेजारच्या मिस्टर पेट्रींच्या बागेपलीकडच्या माळावर सोडलं, आणि रोज सकाळी सात वाजता, पावसात, चिखलात गुडघे टेकून कोण परत आलंय ते मोजायला लागली.

पहिल्या आठवड्यात दोन आल्या. दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत एकतीस.

"साठ मीटर? एका रात्रीत?" तिच्या मार्गदर्शक डॉक्टर लॉरिमर खुर्चीतून उठल्याच. "अगं, गोगलगायी आहेत की ससे?"

"मी तीनदा मोजल्या, मॅडम."

"मग अंतर वाढव!"

इशबेलने उसासा टाकला आणि अंतर वाढवलं. गोगलगायींच्या ओल्या पिशव्या खांद्याला लावून ती पार गोल्फच्या मैदानापर्यंत गेली. अर्धा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अकरा जणी आईच्या भिंतीवर हजर. त्यांत एकोणतीस नंबर तर ताजीतवानी, जणू नुकतीच अंघोळ करून आलेली. इशबेलचे मात्र डोळे खोल गेले होते.

लॉरिमरबाईंनी नॉर्वेतल्या बर्गनच्या एका तज्ज्ञ बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, मी स्वतः बघायला येते. विभागात व्याख्यानाची पाटी लागली, खाली इशबेलचं नाव.

पाहुण्या यायच्या त्या दिवशी तिला पहाटेच जाग आली. पडून राहण्यापेक्षा मोजलेलं बरं, म्हणून ती साडेपाचलाच बाहेर आली. बघते तर भिंतीपाशी मिस्टर पेट्री. एका हातात कुत्र्याची दोरी, दुसऱ्या हातात बादली. बादलीतून एकेक गोगलगाय काढून ते भिंतीवर हळूच ठेवत होते.

"मिस्टर पेट्री! हे काय करताय?"

"पोचवतोय," ते म्हणाले. "तुझ्याच ना गं पोरी? नंबर आहेत. कुत्र्याला फिरवायला जातो, तिथे सापडतात. ही एकोणतीस नंबरची फार भटकी. काल गोल्फच्या मैदानावर होती, बघ."

"मीच सोडली होती तिथे!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "सोडली होतीस? मग नंबर कशाला घातलास? सोडून द्यायच्या वस्तूवर कुणी नंबर घालतं का? चौतीस वर्षं टपाल वाटलंय मी. नंबर दिसला की पोचवल्याशिवाय मला चैन पडत नाही."

इशबेल चिखलातच बसली. रडावं की हसावं हे ठरवण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं.

"माझं काही चुकलं का?" पेट्रींनी विचारलं.

"माझी पदवी गेली, एवढंच."

"अशी कशी जाईल? मी येतो तुझ्याबरोबर. सांगतो तुझ्या बाईंना."

नको नको म्हणत असताना ते कोट घालून आलेसुद्धा. दहा वाजता लॉरिमरबाईंच्या खोलीत, नॉर्वेच्या पाहुण्यांसमोर, इशबेलने मान खाली घालून सगळं सांगितलं. लॉरिमरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी उगाच कुठेही टाकल्या नाहीत हो," पेट्री म्हणाले आणि कोटाच्या खिशातून एक वही काढली. "प्रत्येकीची नोंद आहे."

पाहुण्यांनी वही उघडली. तारीख, वेळ, गोगलगायीचा नंबर, ती सापडली ती जागा पावलांत मोजून, पाऊस, वारा. सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. शेजारी बारीक अक्षरात शेरे : 'सात नंबर घराकडे पाठ करून बसली होती.' 'बावीस, तेवीस, चाळीस : माझ्या कोबीत. पुन्हा.'

"म्हणजे यांना घरची ओढबिढ काही नाही," पाहुण्या हळूहळू म्हणाल्या. "या रात्रभरात जेमतेम चार पावलं जातात, आणि तीही कोबीच्या दिशेने!"

"ते मी आधीच सांगितलं असतं," पेट्री म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

इशबेलने प्रबंध नव्याने लिहिला. नोंदी कुणाच्या, हे पहिल्याच पानावर ठळक लिहिलं, आणि पेंगत पेंगत शेवटच्या दिवशी तो दिला. जूनमध्ये निकाल आला. पास, दुसरा वर्ग. परीक्षकांचा शेरा तिने भिंतीवरून पेट्रींना वाचून दाखवला.

"'निरीक्षणं असामान्य दर्जाची आहेत. बाकीचा प्रबंध त्या मानाने फार थकलेला वाटतो.'"

पेट्रींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. कानापर्यंत लाल झाले होते.

"बाकीचा म्हणजे कुठला गं?"

"माझा."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग भिंतीवरून हात लांब करून त्यांनी तिचा खांदा थोपटला.

"मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. सगळ्यांना नाही जमत अभ्यास."