नावाचे पैसे

आमच्या मानवतच्या हॉटेलवाल्यानं मनोहरभाऊंना लांबून येताना पाहिलं, की तो फळ्यावरचा 'स्पेशल चहा' पुसून टाकायचा. नाहीतर भाऊ गल्ल्यापाशी उभे राहून विचारत, "स्पेशलमधी निराळं काय टाकता, तेवढं दाखवा."

भाऊ दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आणि लग्नसराईत गावच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायला. मी त्यांचा शेजारी. पोट शाळामास्तरकीवर, हौस पार्टीच्या निवेदनाची. गिटार घ्यायला आम्ही दोघंच परभणीला गेलो. दुकानात दोन होत्या. एकीवर कुणा गोऱ्या वादकाची सही होती, म्हणून ती बरीच महाग. भाऊंनी दुकानदाराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन्ही वाजवल्या. "वळखा, सहीवाली कंची?" दुकानदारानं छातीठोकपणे साधीलाच सहीवाली म्हटलं.

"नाव वाजत नसतं, गुरुजी," म्हणत भाऊंनी साधी घेतली.

पुढचा घोळ शांतावहिनींनी घातला. मंडपात गिटार कुणी बदलली तर? म्हणून त्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याला दारात बसवलं आणि तारांखालच्या चकचकीत पत्र्यावर ठोकून घेतलं : 'सौ. शांताबाई मनोहर, मानवत'.

"आवं, पातेलं हाय का ते?" भाऊ कपाळाला हात लावून बसले.

"हरवली म्हंजी आणून कोण देनार हाय?" वहिनी म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.

लग्नात वऱ्हाडी वाकून वाकून वाचायचे. आहेरात आली काय, असंही कुणी विचारायचं. शेवटी भाऊंनी नावावर काळी टेप चिकटवली. वहिनी समोरच ज्वारी निवडत बसल्या होत्या.

पुढं काविळीनं वहिनी गेल्या. टेप कधी निघाली ते मला कळलं नाही. डिंकाचे डाग मात्र भाऊ ओट्यावर बसून रॉकेलच्या बोळ्यानं पुसताना दिसायचे. मला ते बघवत नसे.

मग नांदेडच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक दारात आला. भाऊंना कायमचं घ्यायला. याच बोलावण्याची भाऊंनी उभा जन्म वाट पाहिली होती. अट एकच, पातेल्यासारखं नाव घातलेली गिटार स्टेजवर नको. तसलीच एक सहीवाली तो सोबतच घेऊन आला होता.

भाऊंनी ती बराच वेळ वाजवली. आता 'नाव वाजत नसतं' हे ठरलेलं वाक्य येणार म्हणून मी तयारीत होतो.

"लय गोड हाय," ते म्हणाले. "हात नुसता पळायलाय. हिचे पैसे वाजवी हायत." मग उपरण्यानं पुसून त्यांनी ती परत दिली. "पन आमी न्हाई येत."

मालक गेला. मी चिडलोच. "अहो भाऊ, बोटभर टेप लावली असती तर काय बिघडलं असतं?"

भाऊंनी आपली गिटार मांडीवर ओढली.

"एकदा लावली व्हती की, गुरुजी," ते म्हणाले. "ती बघत असताना."