मुदतीत भरणाऱ्याची फाईल

डिझायनरबाई एकूण एक्केचाळीस गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळत आणि त्यांपैकी चाळीस जण त्याचे पैसे देत नसत, ही व्यवस्था कित्येक वर्षं सुरळीत चालू होती. दर वर्षी डोमेनचं, म्हणजे दुकानाच्या पाटीचं, आणि होस्टिंगचं, म्हणजे ती पाटी जिथे टांगायची त्या गाळ्याचं, भाडं पुढे कंपनीला भरावं लागे. बाई ते पदरमोड करून भरत आणि मग गिऱ्हाइकाला बिल पाठवत. बिल पोचलं की फोन येई.

"अहो, वेबसाइट तर तुम्ही केव्हाच करून दिलीत. आता कसले पैसे?" दंतवैद्य विचारत.

"चालू ठेवण्याचे."

"पण ती चालूच आहे की!"

याच डॉक्टरांच्या दवाखान्यात 'दात दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी तपासून घ्या' असा फलक होता आणि तो बाईंनीच करून दिला होता. त्याचेही पैसे यायचे होते.

एक्केचाळिसावं गिऱ्हाईक म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका. हे गृहस्थ बिलाची वाटसुद्धा बघत नसत. मुदतीच्या बरोबर आठ दिवस आधी पैसे पाठवत आणि वर फोन करून विचारत, "मिळाले ना? नाहीतर तुमची अडचण व्हायची." जुन्या घड्याळांचे सुटे भाग त्यांच्याकडे मिळतात हे लांबलांबच्या लोकांना वेबसाइटवरूनच कळे. निम्मं दुकान त्यावर चालत होतं. त्यांच्या फोटोखाली बाईंनी कौतुकाने एक ओळ टाकली होती : 'अकरा वर्षांत एकदाही उशीर नाही.'

अशा वेळी बाईंची आत्या राहायला आली. चौतीस वर्षं अभिलेख कार्यालयात काढून ती हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली होती आणि गेले चार महिने तिला शिक्का मारायला काही मिळालं नव्हतं. तिने हिशेबाची वही चाळली आणि चष्मा काढला.

"चाळीस जण बुडवतात आणि तू त्यांच्या पाट्या पुसत बसतेस?"

"मागायला कसंतरीच वाटतं गं."

"भीड भिकेची बहीण! आजपासून हे सगळं माझ्याकडे दे. तू आपली चित्रं काढ."

बाईंनी दिलं. खरं सांगायचं तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटून त्या दुपारी त्यांना गाढ झोप लागली.

उठून बघतात तो दाराशी टेबल आलं होतं. प्रत्येक थकबाकीदाराच्या नावाने नोटीस निघाली, नोटिशीला क्रमांक पडला आणि त्या क्रमांकाची फाईल उघडली. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय होती, ती आत्याने पहिल्याच दिवशी बंद केली. "आपोआप म्हणजे? आदेश नसताना?" असं तिने यंत्रालाच विचारलं. पासवर्ड लिफाफ्यात घालून, लाखेने सील करून लोखंडी कपाटात गेले. कपाटाची किल्ली वरच्या खिळ्याला टांगली. पासवर्ड हवा असल्यास लेखी अर्ज करायचा, असा नियम झाला.

पहिल्याच महिन्यात अकरा वेबसाइट बंद पडल्या आणि चमत्कार झाला. पाच पाच वर्षं फोन न उचलणारी माणसं अर्ज घेऊन जिन्यात उभी राहिली. दंतवैद्यांनी वेबसाइट का बंद पडली हे विचारलंच नाही. "फोटो एक लावायचा की दोन?" एवढंच त्यांनी नम्रपणे विचारलं. कुलुपं उघडून देणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे आत्याने वेबसाइट हयात असल्याचा दाखला मागितला, तर त्याने तो दंतवैद्यांच्या सहीने आणला. पुढे आत्याच्या लक्षात आलं की दीड ते अडीच आपण जेवायला उठतो तेव्हाही वेबसाइट चालूच असतात, त्यांच्यावर देखरेख कुणाची? तेव्हापासून त्याही दीड ते अडीच बंद राहू लागल्या. तक्रार एकही आली नाही. उलट ड्रायव्हिंग शिकवणारा जिन्यात अभिमानाने सांगत होता, "आमची वेबसाइट जेवायच्या सुट्टीत बंद असते. काम कसं अगदी रीतसर!"

वसुली शंभर टक्के झाली. बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती चित्रं काढू लागल्या आणि आत्याच्या येण्याला दुवा देऊ लागल्या.

मग काकांचे पैसे आले. मुदतीच्या आठ दिवस आधी.

आत्याने फाईल शोधली. फाईल नव्हती. फाईल उघडते नोटिशीने, नोटीस निघते थकबाकीवर आणि या माणसाची थकबाकीच नाही. क्रमांकाशिवाय रक्कम जमा करता येईना, आणि परत पाठवायची तर तीही कुठल्या क्रमांकाने? शेवटी तिने ती 'संकीर्ण' या सदरात टाकली. मुदत उलटली. आता नोटीस काढावी म्हटलं, तर पैसे आलेले! पैसे आले नाहीत असं म्हणता येत नव्हतं आणि आले असं लिहिता येत नव्हतं. दुकानाची पाटी गेली, वेबसाइट बंद झाली. काका टेबलापाशी आले.

"मी भरलेत हो पैसे."

"तीच तर अडचण आहे. जरा थांबला असतात तर?"

"माझं चुकलंच. पण आता काय करू?"

"थकबाकीदार असाल तर अर्ज घेते. आहात?"

"नाही हो."

"मग मी तरी काय करणार?" आत्या कळवळून म्हणाली. ती मनाने वाईट नव्हती. तीन वेळा आलेल्या काकांना तिने तिन्ही वेळा पाणी दिलं.

बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी आधी दिवस मोजले. कंपनी सुटलेली पाटी तीस दिवस राखून ठेवते, मग मागेल त्याला विकते. त्या धावत आत्याकडे गेल्या.

"आत्या, अगं पासवर्ड दे. एका मिनिटाचं काम आहे!"

"दोन प्रतींत अर्ज दे. घरच्यांना वेगळा नियम केला तर लोक काय म्हणतील?"

बाईंनी दोन प्रतींत अर्ज दिला. त्याला आवक क्रमांक पडला. किल्ली खिळ्यालाच होती. येता-जाता बाईंना ती दिसे, एकदा तर हातही वर गेला. पण अर्ज केलाय, आता मध्येच किल्ली घेणं बरं दिसत नाही, असं वाटून त्यांनी तो खाली घेतला. पाटी सुटल्यापासून तेहेतिसाव्या दिवशी अर्ज 'शिफारशीसह मंजूर' झाला. एकतिसाव्या दिवशी काकांची पाटी कुणीतरी विकत घेतली होती. तिथे आता वजन कमी करण्याची पावडर मिळते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते बाईंनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सहीने पाहिलं.

काही दिवसांनी काका पुन्हा आले.

"नवी पाटी घ्यायची म्हणतो," ते आत्याला म्हणाले. "पण पैसे आत्ता देणार नाही. मुदत उलटू दे, नोटीस येऊ दे, मग बघू."

आत्याचा चेहरा उजळला. तिने कोरी फाईल काढली, दोन्ही हातांनी सपाट केली आणि क्रमांक घातला : एक्केचाळीस. "आता कसे व्यवस्थेत आलात!"

काका बाईंकडे वळले. बाईंना मान वर करवेना.

"नव्या वेबसाइटवर बाकी सगळं तेच राहू द्या," ते म्हणाले. "फोटोखालची ती ओळ तेवढी काढून टाका."

बाईंनी ती काढली. त्याचं बिल मात्र त्यांनी लावलं नाही.

वाचकांपैकी ज्यांना हे वाचून काकांची दया आली असेल आणि ज्यांनी आजवर सगळी बिलं मुदतीत भरली असतील, त्यांची आमच्याकडे कोणतीही नोंद नाही. त्यांनी सवडीने येऊन थकबाकी करून घ्यावी. अर्ज दोन प्रतींत. दीड ते अडीच बंद. किल्ली कुठे आहे हे कृपया विचारू नये. ती तुम्हालाही रोज दिसतेच.