कुत्र्याच्या तोंडून आभार

दिनकररावांची कानटोपी सकाळपासून सापडत नव्हती. सेलूत जानेवारीच्या थंडीत कानटोपी नसलेला म्हातारा घराबाहेर पडत नाही आणि घरातल्यांना धडपणे घरात राहू देत नाही.

"खुंटीला बघितली का?" त्यांच्या पत्नी धुरपताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"बघितली. पेटीवर बघितली, पेटीत बघितली, पेटीच्या मागं बी बघितली. टोपीला काय पाय फुटलेत का?"

यावर धुरपताबाई गप्प बसल्या. दिनकररावांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली होती. गप्प बसलेला प्रवासी म्हणजे विनातिकीट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कुणाला दिलीस?" ते दारात येऊन उभे राहिले.

"वैष्णवीला. लय जुनी झाली होती ती. तिला कुत्र्याच्या आत अस्तर म्हणून लावायला पायजे होती, मग मीच म्हणलं, घे बाई."

कुत्रा म्हणजे खरा कुत्रा नव्हे. वैष्णवी ही त्यांची सून. हरिओम, म्हणजे त्यांचा मुलगा, दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असे, आणि ही इकडे मागच्या खोलीत बसून कुत्र्याचं डोकं बनवत असे. माणसाच्या डोक्यावर बसेल एवढं मोठं. एका टोपीवर फोमचे तुकडे चिकटवायचे, कात्रीने कातरून गाल, भुवया, थोबाड काढायचं, वरून केसाळ कापड शिवायचं आणि डोळ्यांच्या जागी रंगवलेली जाळी बसवायची. पुण्यात कोणी भक्ती नावाची मुलगी होती, तिची ही ऑर्डर. वैष्णवीची पहिलीच. ही भक्ती आठवडाभर कॉम्प्युटरवर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी जनावराचं सोंग घेऊन आपल्यासारख्याच चार जणांना भेटायची.

"म्हणजे बहुरूपी," दिनकररावांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता.

"तसंच काहीसं, मामा. पण हे मागायला येत न्हाईत. हौस म्हणून करतात."

"हौसंला कुत्रंच सापडलं का?" असं म्हणून ते मिशीवर हात फिरवत निघून गेले होते. ही मिशी साधीसुधी नव्हती. सेलू-परभणी गाडीला लोक 'मिशीवाल्याची गाडी' म्हणत. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज खोबरेल लागलेली, आणि निवृत्तीनंतरही पूर्ण ड्युटीवर असलेली.

त्या दिवशी घरात दोन कामं एकदम आली होती. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा तिळगूळ दिनकररावांच्याच अंगणात होता, कारण गल्लीतलं सगळ्यात चांगलं ऊन तिथंच पडत असे. आणि दुपारी कुरिअरवाला कुत्र्याचं डोकं न्यायला येणार होता. तिळगुळाला आभारप्रदर्शन अर्थातच दिनकररावांचं. सेलूत कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी आभार मानायला तेच उभे राहत. ते मंडपवाल्याचे आभार मानत, माइकवाल्याचे मानत, वीज गेली नाही म्हणून विजेचे मानत. लोक उठून चपला शोधायला लागले तरी त्यांचे आभार चालूच असत. आभार मानणाऱ्याचे आभार मात्र आजवर कुणी मानले नव्हते, कारण तोवर ऐकायला कुणी उरलेलं नसे.

धुरपताबाई शेजारी सतरंजी मागायला गेल्या. वैष्णवी किराणा दुकानातून खोकं आणायला गेली. घरात दिनकरराव आणि कुत्रा असे दोघेच उरले.

मागच्या खोलीत पालथ्या घागरीवर ते डोकं ठेवलेलं होतं. फिकट तपकिरी रंग, चपटं नाक, एक कान उभा, एक पडलेला. दिनकररावांनी आधी दाराकडे बघितलं, मग आत हात घातला. बोटांना ओळखीची लोकर लागली. डाव्या कानापाशी धुरपताबाईंनी घातलेला रफूही लागला.

"टोपी माझीच हाय," ते कुत्र्याला म्हणाले.

आता टोपी आपलीच आहे म्हटल्यावर ती डोक्यात घालून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोकं उचलून डोक्यावर चढवलं. आत इतकी ऊब होती की त्यांना वाटलं, एवढे हिवाळे आपण उगाच कुडकुडत काढले. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग जीव गुदमरायला लागला. कुत्र्याचं तोंड त्यांच्या हनुवटीपाशी येत होतं, म्हणून हवेसाठी त्यांनी ते डोकं मागे कलवलं, तोंड तोंडाला आणलं आणि ओठ पुढे काढून मोठा श्वास घेतला. डोळ्यांच्या जाळ्या त्यामुळे कपाळावर गेल्या आणि समोर अंधार झाला. ठीक आहे, म्हणून ते डोकं काढायला गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं. मिशी मागे राहिली होती. कुत्र्याच्या वरच्या ओठाला वैष्णवीने सकाळीच काळं कापड लावलं होतं आणि त्याखालचं चिकटवायचं सोल्यूशन अजून ओलं होतं. मिशीची दोन्ही टोकं त्यात व्यवस्थित बसली होती.

धुरपताबाई सतरंजी घेऊन आल्या तेव्हा खोलीच्या मधोमध स्वेटर-पायजमा घातलेला एक कुत्रा आढ्याकडे बघत उभा होता.

"आवं, हे काय करायलाव तुमी?"

"टोपी बघायलोय."

"बघून झाली असंल तर काढा की मग."

"निघंना."

धुरपताबाईंनी सतरंजी टाकली आणि दोन्ही कान धरून ओढलं. आतून जो आवाज आला तो कुत्र्याला शोभेल असाच होता. तेवढ्यात वैष्णवी खोकं घेऊन आली. तिने मोबाइलचा उजेड कुत्र्याच्या तोंडात धरला, आत डोकावून बघितलं आणि खोकं हळूच खाली ठेवलं.

"मामा, मिशी चिकटली तुमची."

"ते कळलंय मला."

"त्येल लाव की," धुरपताबाई म्हणाल्या.

"तेलानं सगळे केस खराब होतील, आत्या. थिनरनं निघंल, पण मामांच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. थिनर न्हाई लावायचं." तिने उजेड बंद केला. "मी कुत्र्याचा ओठ कापते. कुरिअरवाल्याला परत पाठवू. भक्तीताईला कळवते, जमलं न्हाई म्हणून."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि ती कात्री शोधायला लागली. भक्ती परवाच ते डोकं घालून मेळाव्याला जाणार होती. ते पसंत पडलं तर तिच्या मैत्रिणी आणखी ऑर्डर देणार होत्या. नाही पडलं तर मागच्या खोलीत पुन्हा गव्हाची पोती येणार होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, दिनकररावांनासुद्धा.

ते काहीतरी बोलणार, एवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं आणि मुंजाजींचा आवाज आला.

"दिनकरराव, ऊन चढायलंय. चला भाईर."

मुंजाजी मंडळाचे अध्यक्ष. निमंत्रणात दिलेल्या वेळेच्या आधी येणं हा त्यांचा जुना दोष होता, आणि आज त्यांनी मंडळींनाही सोबत आणलं होतं. ते थेट मागच्या खोलीपर्यंत आले, दारात थबकले आणि त्यांनी कुत्र्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायातल्या चपलांवरून त्यांना ओळख पटली.

"दिनकरराव?"

"हं."

मुंजाजींचा चेहरा उजळला. "मी मागच्या बैठकीत म्हणलं होतं, तिळगुळाला करमणुकीचं कायतरी ठेवा. एकानं मनावर घेतलं न्हाई. तुमी घेतलं."

"मुंजाजी, ऐक जरा."

"आता ऐकायचं काय त्यात? चला." आणि त्यांनी दिनकररावांचा हात धरून त्यांना अंगणात नेलं.

धुरपताबाईंनी घाईने पुढे जाऊन सतरंजी अंथरली आणि मंडळी बसली. कानटोप्या, मफलर आणि शाली यांच्यातून कुत्रा आभाळाकडे तोंड करून चालत आला तशा टाळ्या पडल्या. एकाने हात जोडले, एकाने कुत्र्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. दिनकररावांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना एका खुर्चीवर बसवण्यात आलं. मुंजाजींचं भाषण झालं. त्यात त्यांनी करमणुकीची कल्पना मूळ आपली असल्याचं दोनदा सांगितलं. मग ते म्हणाले, "आता दिनकरराव आभार मानतील. त्यांच्या पद्धतीनं." आणि मंडळी हसली.

दिनकरराव उठले. सवयीने त्यांनी खाकरून घसा साफ केला. आभाराचा मजकूर त्यांना पाठ होता. चेहऱ्यावर कुत्रं असलं तरी त्यात फरक पडण्यासारखं काही नव्हतं.

"अध्यक्षांचे आभार. शेजारच्यांनी सतरंजी दिली, त्यांचे आभार. उन्हाचे आभार, आज येळेवर आलं."

चार जण हसले. एक जण चपला बघायला लागला. आणि इथं दिनकरराव थांबले. ते कधी थांबत नसत, म्हणून चपला बघणाराही पुन्हा खाली बसला.

आत अंधार होता. टोपीला घरचा वास येत होता, म्हणजे त्यांचा स्वतःचाच, बामचा. समोर एकही चेहरा नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही पट्टीखाली असाच अंधार होता, आणि त्या अंधारात कुणीतरी येऊन म्हणत असे, 'मामा, मान वर करा, थेंब टाकायचेत.'

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "मी डॉक्टरचे आभार मानले. कंपाउंडरचे मानले. रिक्षावाल्याचे बी मानले, त्यानं खड्डे चुकीवले म्हणून. पण डोळ्यात औषध घातलं ते माझ्या सुनंनं. सकाळी, दुपारी, सांजंला. हातातलं काम टाकून यायची. पेपर वाचून दाखवायची, निधनवार्तासगट. तिला मी काय म्हणालो न्हाई. घरच्या माणसाला काय म्हणायचं, आपल्यात कुणी म्हणतं का? मी गावाला आभार वाटत फिरलो अन् घरात एक बी दिला न्हाई."

धुरपताबाई पदराने डोळे पुसत होत्या. वैष्णवी दारात उभी होती आणि तिच्या हातात बारीक कात्री होती, ओठ कापायला आणलेली.

"पोरी, तू हायीस का हितं?"

"हाय, मामा."

"तुझे आभार. लय आभार. अन् हे डोकं तू लय झाक केलंयस, मी आत बसून सांगायलोय. ह्याला कात्री लावायची न्हाई. मिशी काप."

"मिशी?" मुंजाजी खुर्चीतून अर्धे उठले. "दिनकरराव, गाडीला नाव होतं त्या मिशीचं."

"गाडी बी भंगारात गेली, मुंजाजी. काप, वैष्णवी."

वैष्णवीने कुत्र्याच्या तोंडातून कात्री घातली. आत नीट दिसेना, म्हणून धुरपताबाईंनी मोबाइलचा उजेड धरला. आधी एक बाजू कापली, मग दुसरी. डोकं निघालं आणि सेलूतल्या त्या अंगणात पहिल्यांदाच दिनकररावांचा वरचा ओठ लोकांना दिसला. धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसायला लागल्या.

"लग्नात असंच होतं तोंड," त्या म्हणाल्या. "मी तर इसरलेच होते."

कुरिअरवाला आला तेव्हा सोल्यूशन पुरतं वाळलं होतं. मिशीची टोकं त्यात पक्की धरली गेली होती आणि कुत्र्याच्या ओठाच्या दोन्ही बाजूंनी पांढरे-काळे केस बाहेर डोकावत होते. उपटायला जावं तर कापड फाटणार. वैष्णवीने ते जमतील तेवढे नीट केले, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि डोकं पाठवून दिलं. त्यानंतर दोन दिवस ती फोन हातात घ्यायलाही कचरत होती.

निरोप आला तेव्हा दिनकरराव अंगणात ऊन खात बसले होते. वैष्णवी पेपर बाजूला ठेवून त्यांच्यापाशी बसली.

"मामा, भक्तीताईचं आलंय. वाचू का?"

"वाच."

"म्हणतेय, मेळाव्यात सगळ्यांचे कुत्रे सारखेच दिसत होते, माझ्याच कुत्र्याला मिशा होत्या. जो तो विचारत होता, अशा खऱ्यासारख्या मिशा कशाच्या केल्या. आतून बामचा वास येतो, आमच्या आजोबांच्या खोलीत यायचा तसा. तो जाऊ नये म्हणून मी अजून धुतलं न्हाई. अन् खाली लिहिलंय..." वैष्णवीने निरोप वर सरकवला. "मिशा ज्यांनी बसवल्या त्यांचे माझ्याकडून मनापासून आभार सांगा."

दिनकररावांचा हात सवयीने ओठाकडे गेला आणि तिथं काही नसल्यामुळे परत आला.

"शेवटचं पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. सगळ्या गावाचे आभार मानलेल्या त्या माणसाला कुणी आपले आभार मानले तर काय म्हणायचं असतं, हे मुळीच ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुढची ऑर्डर आली का?"

"आली की. तिच्या मैत्रिणीची. मांजर हाय." वैष्णवी हसू दाबत म्हणाली. "मिशा लांब पायजेत म्हणलीय."

दिनकरराव उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अगं, ऐकलंस का," ते धुरपताबाईंना म्हणाले, "खोबरेलाची बाटली कुठं ठेवलीस?"