निंबठाणची गाडी

आमच्या अण्णामामांना तुम्ही फक्त आडनाव सांगायचं. ते तुम्हाला थेट गावी नेऊन सोडतात.

अण्णामामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सोलापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेल्यामुळे समोरच्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर त्यांना गाडीची पाटी दिसते. आम्ही मुलगी बघायला गेलो, तेव्हा माझ्या वडिलांनी घसा खाकरून सुरुवात केली होती, "आमचं घराणं मूळचं लढवय्यं. पूर्वज घोड्यावरून..."

"आडनाव काय म्हनालात?" मामांनी मध्येच विचारलं.

"मैंदर्गीकर."

मामांनी मूठ तोंडापाशी धरली. "सोलापूर–मैंदर्गी! वळसंग, अक्कलकोट मार्गे! घोडं कशाला लागतंय वो पावनं? गाड्या हायत की."

आमच्या घराण्याचा इतिहास तिथेच फलाटाला लागला. लग्न मात्र जमलं.

निवृत्तीनंतर मामांनी हा नाद वहीत उतरवायला घेतला. प्रत्येक नातेवाइकाला एक पान: आडनाव, मूळ गाव, कुठल्या रस्त्याने आले, वाटेत कुठे थांबले. नात्यातली माणसं संपली तेव्हा सलूनवाला, गॅसवाला, रेशनच्या रांगेतले पुढचे-मागचे अशी भरती झाली. एकदा दाढ काढून घेताना त्यांना भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर डॉक्टरांचं आडनाव दिसलं. तोंडात हत्यारं असल्यामुळे नाइलाज होता. दाढ निघाली आणि कापसाच्या बोळ्यातून पहिला शब्द बाहेर पडला, "करमाळा मार्गे!"

वहीतलं एकच पान कोरं होतं. त्यांचं स्वतःचं, निंबठाणकरांचं.

मामा सहावीत असताना निंबठाण उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. "एवडी वर्षं माइकवर बसलो, जावईबापू," ते म्हणायचे, "पन आपल्या गावाची गाडी काय पुकारायला मिळाली न्हाय." त्यांच्या शिरीषने पुण्याहून येऊन एकदा मोबाइलवर नकाशा काढून दाखवला होता. गावाच्या जागी नुसता निळा रंग. "पप्पा, बघण्यासारखं आहे काय तिथे?" शिरीष म्हणाला. मामांनी चष्मा पुसून तो निळा रंग बराच वेळ बघितला.

दर मे महिन्यात पाणी उतरलं की मामा एकटेच तिकडे जाऊन येत. दर वर्षी मला विचारत. एका वर्षी माझी कंबर धरली होती, दुसऱ्या वर्षी कुणाचं तरी लग्न होतं, तिसऱ्या वर्षी मी 'मार्च एंड' सांगितला. मे महिन्यात. मामा फक्त "असू द्या" म्हणाले.

यंदा मात्र त्यांनी घरी येऊन सांगितलं. मामी गेल्यापासून ते एकटेच होते; शिरीष त्यांना जूनमध्ये कायमचं पुण्याला नेणार होता.

"माज्यामागं आमचं घर कुटं हाय, ते कुनालाच ठाव राहनार न्हाय. एकदा बगून ठेवा."

माझ्याकडच्या सबबीही संपल्या होत्या.

सकाळच्या उन्हात उजनीचं पाणी इस्त्री केल्यासारखं पसरलं होतं. होडीवाले बाळू तात्या मामांना ओळखत होते. पाण्याबाहेर आलेल्या देवळाच्या शिखरापाशी होडी आली, तशी मामांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

"हितनं मोजायचं," मामा म्हणाले. "देवळाकडं पाठ, समोर ती टेकडी. पयली शाळा."

"शाळेपाशी चिलापी लई घावती, मामा," तात्या वल्हं मारत म्हणाले.

"आमच्यापरीस मासं बरं. शाळंत तरी जात्यात."

शाळेवरून आम्ही डावीकडे वळलो. खाली हिरवट अंधार होता, वर आमची तिघांची सावली. "वाका, वाका, चिंच हाय," मामा म्हणाले, आणि उघड्या आभाळाखाली आम्ही तिघंही वाकलो. गंमत म्हणजे मला क्षणभर सावलीचा गारवा जाणवला. पुढे वल्ह्याचे बारा हात मोजायचे होते. ते काम माझ्याकडे होतं.

"बारा," मी म्हणालो.

"तेरा झालं. ह्ये पाटलाचं घर. त्येंच्या सैपाकघरात आलाव आपन. मागं घ्या."

तात्यांनी मुकाट्याने होडी मागे घेतली. ती थांबली आणि मामाही थांबले.  वाकून त्यांनी पाण्यावर तळहात ठेवला. उंबऱ्याला ठेवावा तसा.

"आता पुन्ना देवळापासनं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "ह्या टायमाला तुमी सांगायचं. मी बोलनार न्हाय."

देवळाकडे पाठ, समोर टेकडी, शाळा, डावं वळण, चिंच, बारा हात. मामा डोळे मिटून बसले होते. चिंचेपाशी मात्र न सांगता वाकले. होडी थांबल्यावर मी विचारलं, "हितंच का, मामा?"

"हितंच." डोळे न उघडताच ते म्हणाले. "आता मी पुन्याला जायाला मोकळा."

जूनमध्ये ते पुण्याला गेले. वही माझ्याकडे ठेवून गेले. ते कोरं पान मी माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात भरलं. मध्यंतरी एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबका होता. फ्लॅटमध्ये मोठ्याने बोललं की शेजारी बेल वाजवतात म्हणे.

"जावईबापू, नात इचारती, आपलं गाव कुटं हाय. मी सांगितलं तर तिला गोष्ट वाटतीया. स्पीकर लावलाय, तुमी सांगा की जरा. तुमी बगितलंय."

मी ऑफिसात होतो. आजूबाजूला बघितलं, मूठ तोंडापाशी धरली आणि जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात म्हणालो, "सोलापूर–निंबठाण! देऊळ, शाळा मार्गे! प्रवाशांनी चिंचेपाशी वाकायचं आहे!"

टेबलाटेबलावरची सगळी डोकी वर झाली. पलीकडे, पुण्यात, मात्र एकदम शांतता पसरली. आजोबा-नात दोघंही वाकली असावीत.